सरकवा, सरका, टिपा

"हलू नका!"

पडवळकाका मला उद्देशून जे पहिलं वाक्य बोलले ते हे. काळेवाडीत आम्ही नव्याने राहायला आलो होतो आणि मी खांद्यावर गादीची वळकटी घेऊन जिना चढत होतो. एक पाय पायरीवर होता, दुसरा हवेत. गादीमुळे पुढचं काही दिसत नव्हतं. साप असणार, अशा समजुतीने मी हवेतला पाय हवेतच ठेवला.

"काय आहे?" मी हळूच विचारलं.

"बटाटा हाय."

गादी जराशी कलती करून पाहिलं. वरच्या पायरीवर खरोखरच एक बटाटा होता. त्याला मिऱ्याचे डोळे लावले होते. त्याच्यासमोर एक उलटं स्टूल, स्टुलाच्या पायांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी जखडलेला मोबाइल, आणि मोबाइलमागे जिन्यावर पालथा पडलेला एक गृहस्थ. आडनाव पडवळ असून इतका वाटोळा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

"जिना चढतोय," ते म्हणाले. "सकाळधरनं चढतोय बिचारा. तुमची सावली पडली की परत खालनं चढावं लागंल त्येला. कशाला हाल करता?"

मी सावलीसकट मागच्या मागे खाली उतरलो. खाली टेम्पोपाशी माझी बायको वैशाली डबे सांभाळत उभी होती. "काय झालं?" ती म्हणाली. "वर एक बटाटा चाललाय. तो पोचला की आपण जाऊ," मी म्हणालो. नव्या घरातला आमचा संसार असा सुरू झाला. वैशालीने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर अजून पूर्णपणे गेलेली नाही.

पडवळकाका आमच्या समोरच्या दारात राहायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि काका स्वतः दुसऱ्या एका कारखान्यात गेले. तिथे रिटायर होईपर्यंत एकच काम केलं: पट्ट्यावरून ब्रेकचे सुटे भाग पुढे सरकत यायचे, काकांनी बघायचं, बरा असेल तर जाऊ द्यायचा, नसेल तर उचलून लाल पेटीत टाकायचा. "सारा जलम माल माझ्याम्होरनं सरकत गेला, राव," ते म्हणायचे. "आता मी बसलोय. मी सरकवतो."

नाशिकला नांदणाऱ्या मुलीने जुना लॅपटॉप इथेच सोडला होता. त्यात फोटोंवरून व्हिडिओ करायचं सॉफ्टवेअर होतं. रिटायर झाल्यावर काकांनी मोबाइलवर कुणाचं तरी बघून बघून ते शिकून घेतलं आणि स्टॉप मोशन नावाचा प्रकार त्यांच्या अंगात शिरला. एखादी निर्जीव वस्तू ठेवायची, फोटो काढायचा. ती बोटभर सरकवायची, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो लॅपटॉपात एकामागे एक लावून भराभर पळवले की वस्तू आपली आपण चालायला लागते. काकांनी हे सगळं शास्त्र तीन शब्दांत बसवलं होतं: "सरकवा, सरका, टिपा." म्हणजे वस्तू सरकवा, आपण चौकटीतून बाजूला सरका, आणि मग टिपा. यातला मधला शब्द विसरला की फोटोत हात येतो. काकांच्या सुरुवातीच्या प्रत्येक चित्रपटात त्यांचा हात आहे. एकात तर तोच प्रमुख भूमिकेत आहे.

या छंदापायी त्यांनी घराचं जे केलं ते शत्रूही करत नाही. पंखा बंद, कारण हवेने कलाकार हलतो. खिडक्यांवर चादरी, कारण ढग आला की फोटो काळा आणि ढग गेला की पांढरा, मग व्हिडिओत वीज चमकल्यासारखं होतं. चादरी बघून खालचे लोक एकदा पांढरे कपडे घालून भेटायला आले होते. काकांनी त्यांनाही दारात थोपवलं. "हलू नका, चमचा निघालाय," म्हणाले. मंडळी आपापल्या जागी गंभीर चेहऱ्याने उभी राहिली आणि चमचा साखरेच्या डब्यात पोचल्यावर परत गेली.

सॉफ्टवेअरमध्ये खाली जी फोटोंची लांबलचक रांग दिसते तिला काका "पट्टा" म्हणायचे. फोटो म्हणजे "माल". हललेला फोटो म्हणजे "रिजेक्शन". सगळे फोटो जोडून व्हिडिओ तयार व्हायला लॅपटॉपला फार वेळ लागायचा, तो तापून घुर्र घुर्र करायचा. काका त्याला उलट्या परातीवर ठेवून पुठ्ठ्याने वारा घालायचे. कुणी दार वाजवलं तर आतून आवाज यायचा, "मागनं या, भाजाय टाकलंय!"

"आवं, कायबी भाजत न्हाई हो," त्याहून मोठा आवाज यायचा. "येडं लागलंय ह्यास्नी, दुसरं काय न्हाई. तुम्ही या आत."

हा आवाज इंदूकाकूंचा. काकू काटक, तोंडाने तिखट आणि पायाने वाऱ्यासारख्या. सकाळी मंडईत, दुपारी कुणाच्या तरी बारशाला, संध्याकाळी पवनेच्या घाटावर. त्यांच्या चपलांचा पट पट आवाज तळमजल्यापासून ऐकू यायचा आणि मजल्यामजल्यावर थांबायचा, कारण प्रत्येक दारात त्यांना एकेक बातमी सोडायची असायची. नवऱ्याच्या कलेबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "जित्या माणसाकडं बघाय टाइम न्हाई, आन् मेल्या बटाट्याला नाचवतंय."

त्या बटाट्याचा शेवटही त्यांच्याच हातून झाला. काकांनी त्याला जिना चढवला, गच्चीवर नेला, पतंग बघायला लावला. पुढे त्याचं कांद्याच्या मुलीशी लग्न ठरायचं होतं. एका दुपारी काका जेवायला बसले आणि ताट बघून थबकले.

"हिरो कुठाय?"

"कोन हिरो?"

"डोळं लावल्याला."

"त्यो व्हय," काकू म्हणाल्या. "त्येला कोंब फुटाय लागलं व्हतं. रश्श्यात हाय. मिरी मातर ऱ्हाऊ दिली, चव आली जरा."

काका दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. रस्सा मात्र त्यांनी दोनदा घेतला, हे काकूंनी मजल्यामजल्यावर सांगितलं.

सोसायटीचे सेक्रेटरी बनसोडे यांना मात्र या प्रकारात काही गंमत वाटत नसे. जिना हा येण्याजाण्यासाठी असतो, असं त्यांचं जुनाट मत होतं. त्यांनी काकांना तोंडी समज दिली. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बनसोडेसाहेब, तुमी असंच बोट वर करून दम देत उभं ऱ्हावा. फकस्त दर फोटोला एक पायरी खाली या." बनसोडे बोलण्याच्या भरात पायरी पायरी उतरत गेले. तो व्हिडिओ मी पाहिलाय. त्यात बनसोडे न चालता, ताठ उभ्यानेच घरंगळत जिन्यावरून खाली जातात आणि कचऱ्याच्या डब्यामागे नाहीसे होतात. त्यानंतर बनसोड्यांनी काकांच्या वाटेला जायचं सोडलं.

मग काकू पडल्या.

न्हाणीघरात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले वर आणलं तेव्हा त्या वरून सूचना देत होत्या, "बनसोडे, तुमचा कोपरा खाली हाय. जेवत न्हाई का?" पण हाड जसं जुळायला हवं होतं तसं जुळलं नाही. काठीच्या आधाराने त्या खाटेपासून गॅलरीपर्यंत जाऊ लागल्या, त्यापुढे नाही. तीन मजल्यांचा जिना म्हणजे त्यांच्या लेखी आता दुसरा देश झाला.

त्यांनी तोंडाने काही कबूल केलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि सगळी गल्ली वरूनच चालवायच्या. दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस करायची, पिशवी ओढून घ्यायची, भेंडी मोडून बघायची आणि जून निघाली तर तिथूनच त्याच्या टोपलीत फेकायची. नेम चांगला होता. पण दुपारी गल्लीत कुणी नसलं की त्या नुसत्या बसलेल्या दिसायच्या. जिन्यातला पट पट आवाज थांबला आणि आमच्या इमारतीत कुणाचं काय चाललंय हे कुणालाच कळेनासं झालं.

काकांनी त्या दिवसांत मोबाइल बाजूला ठेवला होता. स्वयंपाक, धुणं, औषधं, सगळं त्यांच्यावर आलं. पोळ्या ते अशा लाटायचे की काकू म्हणायच्या, "ह्यो कंच्या देशाचा नकाशा?" दोन-अडीच महिने कुणी कुणाला "हलू नका" म्हटलं नाही. जिना मोकळा झाला. खरं सांगायचं तर जिना चढताना चुकल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी माझी पहिली शिफ्ट होती. चाकणहून कंपनीच्या बसने दुपारी परत येत होतो तेव्हा फोन वाजला. मंडईतल्या पोलीस चौकीतून. "पडवळ तुमचे कोण?"

"शेजारी."

"मग या. करणी करताना धरलंय."

मी बसमधून उतरलो तो धावतच गेलो. चौकीच्या बाहेर अर्धी मंडई जमली होती. आत बाकावर काका बसले होते. मांडीवर उलटं स्टूल, स्टुलात मोबाइल आणि टेबलावर काकूंच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला. समोर एक लिंबं विकणारी बाई तावातावाने हवालदाराला सांगत होती.

"ह्यो माणूस सकाळपासनं ही बाईची चप्पल माझ्या दुकानाकडं सोडतोय, साहेब. जरा सोडतो, मागं सरतो, मोबाइलमंदी बघतो, परत सोडतो. माझं एक लिंबू खपलं न्हाई आज!"

"कुणाची चप्पल आहे?" हवालदाराने विचारलं.

"मालकिणीची," काका म्हणाले.

"कुठल्या मालकिणीची?"

"माझ्या."

"चोरून आणली?"

"घरनं आणली. इचारून न्हाई आणली, हे खरं हाय."

"ती कुठंय?"

"घरी."

"अनवाणी?"

बाहेर कुणीतरी हसलं. मी पुढे होऊन सांगितलं, साहेब, हे करणी वगैरे काही करत नाहीत, हे पिक्चर काढतात. याआधी यांनी बटाट्याचा काढलाय. या माहितीने माझीच बाजू लंगडी पडतेय हे मला बोलताना कळत होतं. शेवटी काकांनीच मोबाइल पुढे केला आणि झालेले फोटो बोटाने भराभर ढकलून दाखवले.

हवालदार बघू लागला. लिंबूवाली त्याच्या खांद्यावरून बघू लागली. मीही वाकलो. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारातून निळ्या चपला बाहेर पडत होत्या. एक पुढे, मग दुसरी पुढे. जिना उतरत होत्या. दुसऱ्या मजल्यावर एका दारात थोडं थांबल्या, पहिल्या मजल्यावर थोडं थांबल्या. मग गल्ली, गिरणी, रस्त्याची कड, आणि मंडईचं तोंड. मधे एका ठिकाणी एक कुत्रं येऊन वास घेऊन गेलं होतं.

"चांगलं आहे," हवालदार म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "पण बाईमाणसाची चप्पल कशाला, ओ आजोबा? लोकांना संशय येतो. स्वतःची चालवायची ना."

"माझी काय साहेब," काका म्हणाले, "रोजच चालती."

हवालदाराला ते लगेच कळलं नाही. तो माझ्याकडे बघू लागला. मी हळूच सांगितलं, इंदूकाकू पडल्या, खाली येता येत नाही त्यांना. लिंबूवाली ऐकत होती. तिचा सगळा ताव उतरला.

"मग आधी न्हाई का सांगायचं?" ती काकांवरच डाफरली. "ती काळेवाडीची इंदूमावशी ना? पिशवीभर लिंबं घेऊन निम्म्या भावात मागती, ती? चला, टिपा काय टिपायचं ते. पर तिला म्हणावं, चपलीला भाव कमी करून मिळत न्हाई."

हवालदाराने चपला स्वतः उचलून काकांच्या हातात दिल्या. "कडेकडेनं चालवा," एवढंच म्हणाला.

तो चित्रपट भाजून झाला त्या सकाळी काकांनी मलाही बोलावलं. लॅपटॉप खाटेवर, काकूंच्या पुढ्यात. काका परातीपाशी उभे, परीक्षेला बसल्यासारखे. काकूंनी कपाळाला आठी घालून बघायला सुरुवात केली. चपला जिना उतरल्या. मंडईत शिरल्या. लिंबूवालीच्या पुढून गेल्या, कोथिंबिरीच्या ढिगापुढून गेल्या, घाटावर जाऊन पाण्याच्या जरा अलीकडे उभ्या राहिल्या. संपलं.

काकूंनी पदराने नाक पुसलं.

"मी अशी चालते?" त्या म्हणाल्या.

"कशी?"

"पलटणीतल्या शिपायावानी. आन् कोथमिरीपाशी थांबले न्हाई मी? सरळ म्होरं? एवढी कसली घाई हाय मला? आवं, कोथमिरीची जुडी हातात न घेता मी कवा गेलीया का घाटावर? रिजेक्शन हाय सगळं."

काका एकदम खूश झाले. इतकं बारकाईने त्यांचं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं. "परत काढतो," ते म्हणाले.

"मंडई ऱ्हाऊ द्या आता." काकू थोड्या थांबल्या. मग गॅलरीकडे बघत म्हणाल्या, "दापोडीला न्या. आक्काकडं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, दापोडीला रुळांच्या बाजूच्या गल्लीत राहणारी. काकूंचा खुबा आणि आक्कांचे गुडघे, यामुळे दोघींची गाठ पडून बरेच दिवस झाले होते. फोनवर रोज भांडण व्हायचं, तेवढंच.

"लांब हाय गं," काका म्हणाले. "एवढ्या रस्त्यानं चालवायची म्हंजी वरीस जाईल."

"चालवताय कशाला? बसनं न्या. माणसं बसनं जात्यात."

"बरं. पर आक्काच्या घरात कशी न्यायची? चप्पल हाय ती. दारातच ऱ्हाणार."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "दारात काढून ठिवा. चप्पल दारात काढली, म्हंजी मी आत गेले."

पुढच्या रविवारी मीही गेलो, ऊन आलं तर छत्री धरायला. बसमध्ये काकांनी खिडकीची जागा धरली आणि तिथे चपला ठेवल्या. स्वतः शेजारी बसले. एका माणसाने विचारलं, "काका, कुणी आहे का इथं?" काका म्हणाले, "हाय. तिला खिडकी लागती." तो माणूस चपलांकडे बघत, दांड्याला धरून दापोडीपर्यंत उभा राहिला.

आक्कांच्या दारासमोर आमचं काम बराच वेळ चाललं. सरकवा, सरका, टिपा. आवाज ऐकून आक्का भिंतीला धरत बाहेर आल्या.

"काय चाललंय, दाजी?"

"इंदी आलीया," काका पालथे पडल्या पडल्या म्हणाले.

आक्कांनी चपलांकडे नीट बघितलं. "माझ्याकडं येताना तरी नवी घालून यायचं," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यातल्या बाकीच्या चपला काठीने बाजूला सारून त्यांनी मधे जागा केली.

हा व्हिडिओ बघायला इंदूकाकूंनी आधीपासून चष्मा पुसून ठेवला होता. चपला बसमध्ये खिडकीपाशी बसल्या, दापोडीला उतरल्या, गल्लीतून गेल्या. या वेळी त्या पलटणीसारख्या चालत नव्हत्या. एका नळापाशी थांबल्या, एका दारात थांबल्या, कुणाकडे तरी वळून बघितल्यासारख्या तिरप्या झाल्या. मग आक्कांच्या दारात आल्या, केलेल्या जागेत शेजारी शेजारी लागल्या आणि थांबल्या.

त्यानंतर पडद्यावर काही हललं नाही. दार, उंबरा, चपला. तेच चित्र. मी वाट बघितली. अजून तेच. लॅपटॉप अडकला असणार, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"काका, हँग झालं वाटतं."

"न्हाई हो," काकांनी माझा हात धरला. काकूंकडे न बघता, पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "आत बसलीया ती. च्या तरी घेऊ द्या तिला."